दीड मीटर वाट

आमच्या सोसायटीच्या बागेभोवतीची वाट या मार्चपर्यंत तीन फूट रुंद होती. ती तीन फूट मीच ठरवली होती, सव्वीस वर्षांपूर्वी.

मी लष्कराच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. मूळचा कोरेगाव तालुक्यातला. नोकरीत देशभर फिरलो आणि शेवटी चंडीमंदिरच्या छावणीत आलो. तिथं असतानाच चंदीगडात ही सोसायटी उभी राहत होती, तिच्यात फ्लॅट घेतला. सभासदांत बांधकामातला मी एकटाच, म्हणून बागेचं काम माझ्याकडे आलं. माणसाला चालायला अडीच फूट लागतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सोडले की तीन फूट. वाट अरुंद तेवढी हिरवळ जास्त. गणित बरोबर होतं. फक्त ते एका माणसाचं होतं.

वाट तयार झाल्यावर मी सुलोचनाला, माझ्या बायकोला, बघायला नेलं. ती वाटेवर उभी राहिली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "ही काय मुंग्यांसाठी केलीय का हो?"

"एकामागे एक चालायचं," मी म्हणालो.

"लग्नात चालले की तुमच्या मागनं. तेवढ्यानं भागलं नाही होय?"

मी हसलो. तिथंच विषय संपला, असं मला वाटलं.

पुढं रिटायर झाल्यावर आम्ही रोज संध्याकाळी सहाला त्या वाटेवर चालायला लागलो. दहा फेऱ्या. एक फेरी एकशे चाळीस मीटरची. माझी एकशे सत्त्याऐंशी पावलं, तिची अडीचशेच्या वर. मी पुढे, ती मागे. ती बोलत असायची. काँक्रीटच्या मिक्सरशेजारी उभं राहून राहून माझा उजवा कान गेला आहे आणि डाव्यालाही पाठीमागचं नीट येत नाही. मी मधून मधून "हं" म्हणायचो.

"काय म्हणाले मी?" ती विचारायची.

"तेच, आपलं ते."

"ते म्हणजे काय?"

"कुणालचं." मी आपलं मुलाचं नाव घ्यायचो.

"कुणालचं कुठलं! मी गॅस सिलिंडरचं सांगत होते." आणि हसायची.

ती मला फक्त कोपऱ्यावर दिसायची. मी वळलो की डोळ्याच्या कडेला ती मागून येताना दिसायची, एका हातात ओढणी, दुसरा हात बोलण्याबरोबर हलत असलेला. एका फेरीत चार वेळा. मग पुन्हा सरळ रस्ता.

त्या वाटेवर, तिसऱ्या कोपऱ्याच्या थोडं अलीकडे, तिनं कढीपत्त्याचं झाड लावलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. बाकीची झाडं मी दोरी धरून एका ओळीत लावून घेतली होती, वाटेपासून दोन मीटर आत. तिनं मात्र हे वाटेपासून वीतभर अंतरावर लावलं.

"ओळ सोडून कशाला लावलंस?"

"इथं हात पुरतो."

"मोठं झालं की वाटेत येईल."

"येऊ दे की. आत्ता कुठं मोठं झालंय?"

इकडची थंडी कढीपत्त्याला सोसत नाही. जानेवारीच्या धुक्यात ती त्याला जुनी साडी गुंडाळायची. इथले लोक हसायचे. उन्हाळ्यात तेच लोक पानं मागायला यायचे. रोज शेवटच्या फेरीला ती मागून हाक मारायची, "थांबा हो, पानं घेते." मी दहा पावलं मागे यायचो आणि ती तोडून होईपर्यंत शेजारी उभा राहायचो. एकेक पान बघून तोडायची. मी घड्याळ बघायचो.

"रोज कशाला लागतात गं पानं?"

"फोडणीला."

शेवटच्या वर्षी तिच्या हातात काठी आली. तरी फेऱ्या चालूच होत्या, दहाच्या सहा झाल्या एवढंच. त्या वर्षी एकदा ती म्हणाली, "ही वाट जरा रुंद असती तर तुमचा दंड धरून चालले असते. काठी लागली नसती." हे मला ऐकू आलं, कारण आम्ही कोपऱ्यावर होतो. मी म्हणालो, "आता काय, झाली ती झाली."

ऑगस्टमध्ये तिला न्यूमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात होती. नवव्या दिवशी घरी सोडणार म्हणाले. दुपारी कागद तयार होत होते, कुणाल मोहालीहून ऑफिसातून गाडी घेऊन येणार होता. ती पलंगावर बसून केस विंचरत होती. मला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. घर उघडा, पाणी तापवा. मला आधी आंघोळ करायचीय. मी येतेच कुणालबरोबर."

मी रिक्षा करून आलो. खिडक्या उघडल्या. गीझर लावला. पाणी तापलं. तेवढ्यात कुणालचा फोन आला.

त्याबद्दल मला एवढंच सांगायचं आहे.

त्यानंतर सहा महिने मी बागेत गेलो नाही. घर आवरलं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर वाळलेल्या कढीपत्त्याच्या चार बरण्या सापडल्या, गच्च भरलेल्या. एवढा साठा तिनं कशाला केला ते मला कळलं नाही. टाकवल्या नाहीत, म्हणून परत ठेवून दिल्या. जानेवारीत एकदा खिडकीतून बघितलं तर झाडाला कुणीतरी जुनी चादर गुंडाळली होती. कुणी ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी सोसायटीची सभा झाली. बागेतल्या वाटेच्या विटा खचल्या होत्या, दोन जण पडले होते. पार्किंगच्या कामातून दोनशे सात चौरस मीटर भरतील एवढे सिमेंटचे ब्लॉक उरले होते. तुटफूट वगळून दोनशे सात, मी स्वतः थप्प्या मोजल्या होत्या. नवे आणायचे नाहीत, आहेत तेवढ्यात वाट करायची, असं ठरलं. सेक्रेटरी सोढी आहेत, वीजमंडळातून निवृत्त झालेले. माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्ट त्यांना सभेच्या आधीच ठरवलेली आवडते.

"चार फुट बहोत है जी," सोढी म्हणाले. "बाकी ब्लॉक स्कूटर स्टँड में लगा देंगे."

मी म्हणालो, "पाच फूट करू. दीड मीटर."

"जगदले साब, यहाँ कौनसी परेड निकलनी है?"

सगळे हसले. मीही हसलो, पण म्हणालो, दोन दिवस द्या, मी मापं काढून देतो.

घरी येऊन मी हॉलमधल्या खुर्च्या बाजूला केल्या आणि फरशीवर खडूनं दोन रेघा मारल्या, चार फुटांवर. एका बाजूला मी उभा राहिलो. दुसऱ्या बाजूला तिचे चालायचे बूट ठेवले. बुटांपासून वर माणूस किती जागा घेईल त्याचा अंदाज मला आहे, आयुष्यभर तेच केलं. दोन माणसं, खांद्याला खांदा, साठ आणि साठ सेंटिमीटर. चार फुटांत बसतात, पण हात हलवायला जागा नाही. आणि काठी? तिची काठी आणून बुटांच्या बाहेर टेकवली. ती रेघेच्या पलीकडे गेली. काठीला तीस हवेत. रेघ पुसली आणि दीड मीटरवर मारली. मग सगळं आत आलं, मी, बूट, काठी.

रविवारी कुणाल आला. त्यानं रेघा बघितल्या, बूट बघितले. चहा झाल्यावर खुर्च्या जागेवर ठेवू लागला, पण बूट त्यानं हलवले नाहीत.

सोमवारी सोढींनी कॅल्क्युलेटर काढला. बाग आहे चव्वेचाळीस मीटर लांब, अठ्ठावीस रुंद, कडेला मेंदीचं कुंपण. वाट कुंपणाला लागून आत. "चव्वेचाळीस और अठ्ठाईस, बहत्तर. दुगना, एक सौ चवालीस. गुणा डेढ़, दो सौ सोलह. हैं कितने? दो सौ सात. नौ कम हैं. बात ख़तम."

"सोढी साहेब," मी म्हणालो, "कोने आपने दो बार गिने हैं."

"क्या मतलब?"

मी कागदावर चौकट काढली. लांब बाजू मोजताना तिच्या दोन्ही टोकांचे कोपरे आपण मोजतो. आखूड बाजू मोजताना तेच कोपरे पुन्हा मोजतो. पण जमिनीवर कोपरा एकच असतो. एक कोपरा दीड बाय दीड, म्हणजे सव्वादोन. चार कोपऱ्यांचे नऊ. दोनशे सोळातून नऊ गेले, दोनशे सात. नवशिके सुपरवायझर ही चूक दर वर्षी करायचे, आणि दर वर्षी माल जास्त यायचा.

सोढींनी कागद फिरवून बघितला. बाजूच्या बेदी मॅडम शाळेत गणित शिकवायच्या, त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "सही है, सोढी साब. बच्चे भी यही ग़लती करते हैं."

"तो एक भी ब्लॉक नहीं बचेगा?"

"एक भी नहीं."

"स्कूटर कहाँ खड़े होंगे?"

"जहाँ आज खड़े हैं."

त्या संध्याकाळी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

दुसऱ्या दिवशी अशोक मिस्त्रीला घेऊन मी चुना टाकायला गेलो. कुंपणापासून दीड मीटर मोजत खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, दोरीखाली चुना. पहिली बाजू झाली. दुसरी झाली. तिसऱ्या बाजूला, कोपऱ्याच्या अलीकडे, दोरी झाडाच्या पलीकडून गेली. झाड कुंपणापासून एक मीटर दहावर. नव्या वाटेच्या बरोबर आत.

खरं म्हणजे मला हे आधीच कळायला हवं होतं. कागदावर मी बाग काढली होती, झाड काढलं नव्हतं.

सोढी तिथंच होते. म्हणाले, "ये तो हटाना पड़ेगा. कड़ी पत्ता ही है, गमले में लग जाएगा."

मी झाडाकडे बघितलं. वाळलेल्या काही फांद्या होत्या, पण टोकांना नवी पालवी होती. मी विचार केला, तिनं माझ्याकडे वाट मागितली होती. झाड मागितलं नव्हतं, ते तिनं आपलं आपण लावलं होतं. आणि वाट आता दीड मीटरपेक्षा कमी करायची माझी तयारी नव्हती. मी अशोकला म्हणालो, "रेघ सरळ घे. झाड परवा काढू."

संध्याकाळी मी तिथंच हिरवळीवर बसलो होतो, तेव्हा शैलजा आली. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते, नवरा एअर फोर्समध्ये. मूळची नगरची. स्टीलची वाटी घेऊन झाडापाशी आली आणि चुना बघून थांबली.

"काका, हे काय? झाडाच्या पलीकडनं रेघ?"

"वाट रुंद होतेय. झाड काढावं लागेल."

"काढणार? तुम्ही?"

"दुसरीकडे लावीन कुंडीत."

"अकरा वर्षांचं झाड कुंडीत लावणार?" तिनं वाटी खाली ठेवली. "थंडीत मी याला चादर गुंडाळली ती काय कुंडीत जायला? काकूंना मी शब्द दिला होता."

"तू गुंडाळलीस होय?"

"नाहीतर कोण? सोढी अंकल?"

मी म्हणालो, "तिनं लावतानाच चूक केली. ओळीत लाव म्हणून सांगितलं होतं मी. मुळात जागा चुकली."

शैलजा माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्यासमोर गवतावर बसली.

"काका, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"जागा चुकली नव्हती. मीच विचारलं होतं त्यांना, एवढी मोठी बाग आणि झाड वाटेवर का? तर म्हणाल्या, 'आमचे हे चालायला लागले की मागं बघत नाहीत. मिलिटरीत शिकवत नसतील. म्हणून झाड तिथं लावलंय. पानं तोडायच्या निमित्तानं रोज दोन मिनिटं शेजारी उभे राहतात.'"

मी मागं वळून झाडाकडे बघितलं.

"पानं तर त्या मला द्यायच्या निम्मी," ती म्हणाली. "तुमच्या दोघांच्या फोडणीला कितीशी लागणार? म्हणायच्या, घरात ठेवायला जागा नाही उरली."

चार बरण्या.

शैलजा पानं घेऊन गेली. जाताना म्हणाली की पुढच्या महिन्यात नवऱ्याची बदली जोरहाटला आहे, आता झाडाचं तुम्हालाच बघावं लागेल. मी अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. घड्याळ बघत मी तिथं उभा राहायचो, ते घड्याळ अजून माझ्या हातात होतं.

मग प्रश्न असा उरला. वाट दीड मीटर हवी आणि झाडही हवं. झाडापाशी वाट अरुंद केली तर तिथंच पुन्हा एकामागे एक. म्हणजे झाडाच्या आतल्या बाजूनं वाट फुगवायला हवी. पण ब्लॉक दोनशे सात, एकही जास्त नाही, आणि ते मीच सभेत सगळ्यांसमोर सांगून बसलो होतो.

मी जन्मभर सगळं काटकोनात केलं. बराकी, गटारं, परेडची मैदानं. हे शहरही तसंच, म्हणून मला इथं बरं वाटलं असावं. सुलोचना म्हणायची, "इथं वाट चुकायची सोयच नाही." वळण काढायची मला सवय नाही. तरी मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून बसलो.

कोपऱ्यांपाशी सुचलं. बाहेरचा कोपरा टोकदार कशाला हवा? टोकात कुणी चालत नाही, तिथं पालापाचोळा साठतो. चारही कोपरे बाहेरून गोल केले तर नऊ चौरस मीटरच्या जागी सात लागतात. जवळजवळ दोन वाचले, बारीक मोजलं तर एक पूर्णांक त्र्याण्णव. झाडाच्या बुंध्याभोवती साठ सेंटिमीटरची चौकट माती राहील, तिथंही ब्लॉक नाहीत, पॉइंट छत्तीस वाचले. एकूण दोन पूर्णांक एकोणतीस. आता झाडापाशी आतल्या बाजूला अर्धं वर्तुळ, एक मीटर वीसच्या त्रिज्येचं. त्याला लागतात दोन पूर्णांक सव्वीस.

मी ते तीन वेळा तपासलं. बसत होतं. जिथं ती मला दिसायची त्या चार कोपऱ्यांतून जेवढं निघालं, जवळजवळ तेवढंच झाडापाशी लागत होतं.

सकाळी अशोकनं कागद बघून डोकं खाजवलं. "साहब, गोलाई में ब्लॉक काटना पड़ेगा. बहुत टाइम लगेगा. सीधा कर लो ना."

"सीधा बहुत कर लिया," मी म्हणालो. "कापलेले तुकडे फेकू नकोस, कोपऱ्यांचे झाडापाशी वापर."

सोढी आले. त्यांनी गोल चुना बघितला, झाड बघितलं, आणि मला वाटलं आता वाद होणार. ते म्हणाले, "भाभीजी वाला पेड़ है ना ये?"

"हो."

"मेरी मिसेस भी यहीं से पत्ते ले जाती है." मग म्हणाले, "पर जगदले साब, ब्लॉक कम पड़े तो मैं सभा में आपका नाम लूँगा."

कमी पडले नाहीत. शेवटी दोन उरले, ते मी झाडाच्या मातीच्या चौकटीला टेकू म्हणून लावले.

वाट होऊन आता महिना झाला. मी पुन्हा सहाला चालायला लागलो आहे. सहा फेऱ्या. कुंपण माझ्या उजव्या हाताला ठेवतो, कारण उजवा कान गेलेला आहे, डावा थोडा चालतो. डावी बाजू मोकळी सोडतो. लोकांना वाटतं मी मधे चालावं. परवा सोढी समोरून येत म्हणाले, "इतनी चौड़ी बनवाई, और चलते हो किनारे किनारे!"

"आदत है जी," मी म्हणालो.

पावलंही मी लहान टाकायला शिकतोय. फेरीला अडीचशेपर्यंत आलो आहे. दीड मीटर कमी नाही, जास्तही नाही. हे माप मला सव्वीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं. तेव्हा फक्त दोन फूट वाढवायचे होते आणि हिरवळ थोडी कमी. कुणीही हो म्हणालं असतं. मला विचारणारी एकच होती, तिचं मी हसण्यावारी नेलं.

शेवटच्या फेरीला मी झाडापाशी थांबतो. तिच्यासारखी एकेक पान बघून तोडतो. मला अजून कोवळं कुठलं आणि जून कुठलं ते नीट कळत नाही. एवढी पानं मला लागत नाहीत. फळीवर पाचवी बरणी ठेवली आहे, तिच्यात टाकतो. दोन मिनिटं लागतात, कधी तीन. घड्याळ घरी ठेवून येतो, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

पानं तोडून झाली तरी थोडा वेळ उभा राहतो. मग पुढे होतो.